खालची फळी

३ नोव्हेंबर

खिळ्या,

हे पत्र उघडलंस म्हणजे अक्षर ओळखलं असणार. ओळखून न उघडताच फेकलं असशील, तर पुढचं सगळं मी भिंतीला सांगतेय. त्याचीही मला सवय आहे. इतकी वर्षं बाबांबरोबर एका खोलीत काम करतेय.

पत्ता तुझ्या मित्राकडून मिळवला. सरळ दिला नाही त्याने. त्याच्या बायकोचे बूट तयार होते, ते मी काउंटरखाली सरकवले आणि म्हटलं, पत्ता दे आणि बूट ने. फोन नंबर मात्र काही केल्या देईना. "तेवढं नको ताई, त्याने शपथ घातलीय," म्हणाला. तुझी शपथ पाळणारं एक माणूस तरी आहे, बरं वाटलं.

कामाचं लिहिते. इमारत विकली गेली. दुकान या महिन्याच्या अखेरीला रिकामं करून द्यायचं आहे. तुझी शाळेची पेटी, सायकलचा पंप आणि तार तुटलेली गिटार अजून माळ्यावर आहे. काय ठेवायचं, काय टाकायचं ते कळव. नाही कळवलंस तर मी माझ्या मनाने टाकेन, आणि टाकण्याच्या बाबतीत सध्या माझा हात फार सैल आहे.

बाबा बरे आहेत.

परवा नव्या मालकाचा माणूस मापं घ्यायला आला होता. भिंतीला टेप लावता लावता त्याची नजर फळ्यांवर गेली. "ही लाकडाची पावलं कसली?" मी सांगितलं, गिऱ्हाइकांची. प्रत्येकाच्या पायाबरहुकूम लाकडी साच्यांचा जोड घडवायचा, त्यावर चामडं ताणून बूट शिवायचे आणि साचे पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायचे. "आणि माणूस मेलं म्हणजे?" त्याने आपलं गमतीने विचारलं. बाबा चामडं कापायच्या रापीला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "मग साचे खालच्या फळीवर येतात. थंडी पडली की शेगडीत जातात. गेलेल्या माणसाच्या पायावर दुसऱ्याचा बूट शिवायचा नसतो." त्या माणसाचं हसू मावळलं. राहिलेली मापं त्याने अंदाजानेच लिहिली आणि गेला.

तुला हे सांगायची गरज नाही म्हणा. खालची फळी तुला माहीत आहे.

उत्तर पाठव. चार ओळी पुरेत.

ताई


९ नोव्हेंबर

खिळ्या,

उत्तर नाही. मी वाट बघत नव्हते, तरी पोस्टमन सायकल न थांबवता पुढे गेला की माझं शिलाईचं यंत्र आपोआप थांबतं. बुटाचं वरचं चामडं अजून मीच शिवते, आणि तळ अजून बाबाच बसवतात. तुझ्या जागेवर कुणी बसलेलं नाही. त्या स्टुलावर आम्ही चहाची किटली ठेवतो.

"बाबा बरे आहेत" असं लिहिलं होतं, ते तितकंसं खरं नाही. जिना चढताना त्यांना दम लागतो. हातोडी मारता मारता मध्येच बसतात आणि खाली पडलेला खिळा शोधत असल्याचं सोंग करतात. शेजारची शिंपीण परवा म्हणाली, "तुझ्या बाबांचे खिळे हल्ली फार हरवतात गं." तिच्या डोळ्यांतून काही सुटत नाही.

फळ्या रिकाम्या करायला घेतल्यात. सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप धाडलाय, आपापले साचे घेऊन जा. लोक येतात, साचे हातात घेतात आणि आपलंच पाऊल पहिल्यांदा बघावं तसे बघत राहतात. आखूड पायाचे मास्तर आले होते. त्यांच्या डाव्या बुटाला जाड तळ लागतो, आठवतं ना? तू लहानपणी त्यांच्यासारखा लंगडून दाखवायचास आणि आईचा मार खायचास. मास्तर म्हणाले, "दुसरीकडे मला कोण शिवून देणार?" बाबा म्हणाले, "साचे दाखवा. ज्याला काम येतं, तो काही विचारणार नाही. जो फार विचारेल, त्याच्याकडून उठून या." मास्तर दोन्ही साचे छातीशी धरून दारात उभे राहिले. मग सवयीने म्हणाले, "येतो." बाबाही म्हणाले, "या." कुठे या, ते दोघांनीही काढलं नाही.

आता मी पत्ता कशासाठी मिळवला ते ऐक. गिटारीसाठी नाही.

ज्यांचा ठावठिकाणा नाही, त्यांचे साचे शेवटच्या दिवशी शेगडीत घालायचे असं बाबांनी ठरवलंय. कचऱ्याच्या गाडीत जाऊ देणार नाही म्हणतात. मी विचारलं, "आणि कोपऱ्यातले?" कोपऱ्यातले म्हणजे तुझे. बाबा म्हणाले, "त्याचा तरी ठावठिकाणा कुठे आहे?" एवढं बोलून ते चिकटवायचा सरस ढवळत बसले. चेहऱ्यावरून काही कळेल म्हणून मी बघत राहिले, पण बाबांचा चेहरा तुला ठाऊक आहे. बंद शटर.

तू म्हणशील, जाळू देत, लाकूडच ते. तुझ्यासाठी ते लाकूड कधीच नव्हतं. त्या संध्याकाळचं लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आई इस्पितळात होती. बाबांनी तुला सांगितलं, सरस तापवायचाय, खालच्या फळीवरचे साचे शेगडीत घाल. तू घातलेस. त्यात आईचे होते. ते कळलं तेव्हा तू उघडा हात निखाऱ्यात घातलास. मी तुला मागे ओढलं, तोवर तळवा भाजला होता. बाबा ओरडले, "डोळे फुटले होते का? तिचे साचे वर होते." तू म्हणालास, "खालीच होते, बाबा." तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलास. त्याच आठवड्यात आई गेली. तिला पोचवून आलो, आणि बाबा सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "आजाराने तिला नंतर नेलं. तिला खाली धाडलं ते तू."

दुसऱ्या दिवशी तुझी गादी गुंडाळलेली होती.

मला वाद उकरायचा नाही. दुकान बंद व्हायच्या आत ये, किंवा जिवंत आहेस एवढं तरी कळव. कळवलंस की तुझा ठावठिकाणा झाला. मग त्यांना ते साचे जाळता येणार नाहीत. नियम त्यांचाच आहे.

ताई


१४ नोव्हेंबर

खिळ्या,

तू कळवत नाहीस म्हटल्यावर मी तुझे साचे पळवायचे ठरवले. शिंपिणीशी बोलून ठेवलं होतं, तिच्या कापडाच्या ताग्यांमागे आम्ही लपवणार होतो. बाबा दवाखान्यात गेले होते, तेवढ्यात मी स्टूल लावून कोपऱ्यातली फळी गाठली.

साचे हातात घेतले आणि तिथेच स्टुलावर उभी राहिले.

तू गेलास तेव्हा तुझा पाय कोवळा होता. अरुंद, लांबट, चवड्याशी चिमटलेला. ते साचे मी कितीदा तरी पुसलेत, मला ते न बघता ओळखता येतात. हे तसे नाहीत. चवड्याचा घेर वाढलाय. कमानीवर उंची आलीय. चामड्याच्या पातळ पापुद्र्यांवर पापुद्रे चिकटवून, कानशीने घासून, कुठे सांधा लागणार नाही असे बसवलेत. रंग वेगवेगळे आहेत. चामडं मीच कापते, त्यामुळे कुठला तुकडा कुठल्या हिवाळ्यातला, ते मला कळतं. तांबूस तुकडा मास्तरांच्या जोडातला. काळा, तू गेल्यानंतर वर्षभरातलाच. आणि करंगळीपाशी एक तुकडा अगदी ताजा, सरसाचा वास अजून गेलेला नाही. दर थंडीत ते तुझे साचे खाली काढत होते, आणि दोन हातांवर बसून मला पत्ता नाही.

बाबा कधी आले कळलं नाही. "ठेव जागेवर," म्हणाले.

"हे काय आहे, बाबा?"

"वय झालं की पाय पसरतो."

"बघितल्याशिवाय?"

"त्याचा पाय माझ्यावर गेलाय. मला जेव्हा जसा पसरला, तेव्हा तसा त्याचा."

खोकल्याची उबळ आली म्हणून ते बसले, आणि मी पाणी दिलं. त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत माझे डोळे कोरडे झाले होते, हे बरं झालं. त्यांच्यासमोर रडलं की ते चिडतात.

आता दवाखान्याचं. दुसऱ्या दिवशी मीही बरोबर गेले. हृदयाची झडप खराब झालीय. चोवीस तारखेला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, केलं नाही तर हा हिवाळा निघणार नाही, आणि केलं तर खात्री देता येत नाही. बाहेर आल्यावर बाबांनी मला थांबवलं आणि शपथ घातली, त्याला बोलवायचं नाही. "मरायला टेकलो म्हणून आला, असं त्याचं येणं मला नको." सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही.

तर मी तुला बोलावत नाहीये, हे नीट वाच. मी फक्त माप मागतेय. बाबांनी तळाचं सगळ्यात चांगलं चामडं भिजत घातलंय आणि कुणासाठी ते सांगत नाहीत. फळीवर तुझ्याखेरीज त्या मापाचं कुणी उरलेलं नाही. बाहेरगावचे लोक पाठवायचे तसं कागदावर पाऊल काढून पाठव. दोन्ही पावलं, उभं राहून. पेन्सिल दुसऱ्या कुणाच्या हातात दे, आपली आपण काढली की माणूस वाकतो आणि माप चुकतं. बघ, तुला शिकवतेय मी. हे तुला माझ्याआधी येत होतं.

एक शब्दही लिहू नकोस हवं तर. नुसतं पाऊल पाठव.

ताई


१९ नोव्हेंबर

खिळ्या,

आलं.

पाकीट मला फोडवेना, शेवटी शिंपिणीने ते काढून घेतलं आणि कात्रीने कापलं. एक शब्द नाही. माझंच म्हणणं ऐकलंस, आणि तरी मला राग आला. दोन पावलं, करड्या कागदावर, पेन्सिलीने.

बाबांना सांगितलं, "हे पोस्टाने आलंय." कुणाचं ते सांगितलं नाही. त्यांनी कागद टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर खिळ्यांच्या चार डब्या ठेवल्या आणि चष्मा न लावता अंगठा रेघेवरून फिरवत गेले. डाव्या पावलावरून आधी. मग उठले, कोपऱ्यातून तुझा डावा साचा आणला आणि कागदावर ठेवला. रेघ साच्याभोवती सगळीकडे सारखी दिसत होती.

"डावा जमला," म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना एवढं खूश मी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी तोंडाने तेवढंच म्हटलं.

उजवा जमला नाही. रेघ टाचेशी आत होती आणि चवड्याशी बाहेर. त्यांनी तिथे पुन्हा अंगठा फिरवला. "हा उजव्या टाचेवर भार देत नाही. दुखतं त्याचं. दिवसभर उभ्याने काम करत असणार, कडक फरशीवर." मग कानस घेतली आणि उजव्या साच्याची टाच उतरवायला बसले. डॉक्टरांनी हात चालवायला बंदी केलीय, हे मी सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

थोड्या वेळाने कानस ठेवून त्यांनी कागद पुन्हा ओढला. "रेघ कुणी काढलीय?"

"मला काय माहीत?"

"पेन्सिल सारखी उचललीय बघ. प्रत्येक बोटापाशी थांबून. मोठं माणूस एका दमात फिरवतं." बोट त्यांनी तुझ्या अंगठ्याच्या रेघेवर टेकवलं. "इथे दाबलीय, इथे सुटलीय. हात लहान आहे."

मग तो कागद त्यांनी गुंडाळून रबर लावून आपल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मापाचे कागद खिळ्याला टांगायचे असतात, याची मी त्यांना आठवण करून दिली नाही.

तू सांगितलं नाहीस, खिळ्या. मुलगा की मुलगी, तेही माहीत नाही आम्हाला. कागद पुरा करायला किती वेळ लागला? गुदगुल्या झाल्या का? शिंपीण म्हणाली, "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, या घरात बापाच्या पायावरून मुलाचे हात दिसले." मी हसले आणि मग मला आवरेना.

तुझ्यावर मी फार चिडलेय. आणि तुझी फार आठवण येते. दोन्ही एकदमच लिहून टाकते, वेगळं काढत बसायला वेळ नाही.

ताई


२२ नोव्हेंबर

खिळ्या,

हे पत्र जलद टपालाने पाठवतेय. इतर पत्रं वाचली नसलीस तरी चालेल, हे वाच.

काल डावा बूट पुरा झाला. बाबा एक टाका घालतात, थांबतात, दुसरा घालतात. मी वरचं चामडं शिवून दिलं आणि यंत्राशी नुसती बसून राहिले, कारण ते हातोडी उचलतील तर हात धरायचा होता. संध्याकाळी उजव्याचा तळ बसवताना ते मान खाली घालून, मेण लावलेला दोरा ओढत म्हणाले, "ते खालच्याच फळीवर होते."

मला आधी कळलंच नाही.

"तुझ्या आईचे. पोरगा खरं बोलत होता."

मग सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते, माझं काही घालत नाही. आजाराने आईच्या पायांना सूज आली होती. घरी आली म्हणजे जुने बूट चावतील, म्हणून त्यांनी तिचे साचे वरून काढून कमानीवर चामड्याचा पट्टा चिकटवला. मऊ बूट शिवायचे होते तिच्यासाठी, तिला न सांगता. थंडीत सरस वाळेना. म्हणून शेगडीच्या उबेला, खालच्या फळीवर ठेवले. सकाळी इस्पितळातून बोलावणं आलं, ते धावले, आणि दुपारी परत आल्यावर डोक्यात काही उरलं नव्हतं. तुला म्हणाले, खालचे शेगडीत घाल.

"जळताना चामड्याचा वास आला," बाबा म्हणाले. "नुसत्या लाकडाला तसा वास येत नाही. तेव्हाच मला कळलं."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी टाका घट्ट ओढला. "बोललो असतो तर तिला तिथे मी ठेवलं असं झालं असतं. ती इस्पितळात जिवंत होती गं. मला ते तोंडाने म्हणवेना. आणि ती गेल्यावर तर मुळीच नाही. तो समोर उभा होता. त्याच्या अंगावर टाकलं."

माझा संताप झाला, खिळ्या. आजारी माणसावर ओरडू नये हे मला कळतं, तरी मी ओरडले. म्हटलं, त्याचा हात भाजला होता, बाबा. ते म्हणाले, "माहीत आहे. पट्टी मीच बांधली." मग मी यंत्रावरचं झाकण आपटलं आणि बाहेर जाऊन शिंपिणीच्या पायरीवर बसले. आतून टाक्यांचा आवाज येत होता, थांबत थांबत.

मी त्यांना माफ केलंय असं नाही. तू करावंस असंही मी म्हणत नाही. पण इतकी वर्षं तू ते ओझं घेऊन कुठल्या तरी कडक फरशीवर उभा आहेस, आणि ते तुझं नव्हतं. हे तुला एक दिवसही उशिरा कळू नये म्हणून लिहितेय.

परत आत गेले तेव्हा बाबा म्हणाले, "त्याला हे मी तोंडाने सांगेन. लिहू नकोस." मी म्हटलं, "तो यायचा असेल तर ना." यावर शपथ घालतील म्हणून मी थांबले. या वेळी त्यांनी शपथ घातली नाही.

आणि आधीची शपथ मी मोडतेय. परवा ऑपरेशन आहे. ये.

ताई


२३ नोव्हेंबर

खिळ्या,

कालचं पत्र तुला मिळालं असेल की नाही माहीत नाही. इथे दिवसभर काय चाललं होतं ते सांगते, म्हणजे तुझी बहीण आणि तुझे बाबा अजून शहाणे झालेले नाहीत हे तुला कळेल.

सकाळी मी आले तर बाबांचे स्वतःचे साचे खालच्या फळीवर. त्यांनीच ठेवलेले. मी उचलून वर ठेवले. मी इस्पितळाची पिशवी भरायला गेले, परत आले, तर पुन्हा खाली. मी वर ठेवले. ते खाली. शिंपीण दोरा मागायला आली आणि म्हणाली, "तुम्हा दोघांचं हे काय चाललंय? मांडणी बघताय की भांडताय?"

शेवटी मी म्हटलं, "जिवंत माणसाचे साचे खाली ठेवायचे नसतात. नियम तुमचाच."

"उद्या गडबडीत कुणी चुकीचे उचलू नयेत," ते म्हणाले. "एकदा झालं तेवढं पुरे. मी माझ्या हाताने ठेवले म्हणजे चूक नाही."

"तुम्ही परत येणार आहात."

"आलो तर माझ्या हातानेच वर ठेवेन." आणि मग, मला वाटतं हे ते सकाळपासून बोलायचं म्हणून घोळवत होते, "आलो नाही तर तू शेगडीत घालू नकोस. त्याला घालू दे. त्या दिवसानंतर त्याने कुठलीही शेगडी धड पेटवली नसेल. मला माहीत आहे, मी पेटवतो तेव्हा मलाही तुझी आई दिसते."

मी साचे तिथेच राहू दिले. हरले म्हणून नाही. त्यांचा हात फळीवर टेकलेला होता आणि तो हलवायचा मला धीर झाला नाही.

फळ्या बाकी सगळ्या रिकाम्या झाल्या. ज्यांचा ठावठिकाणा नाही, त्यांचे साचे मास्तर बाबांना विचारून घरी घेऊन गेले. "कुणी विचारत आलं तर असू देत," म्हणाले. लंगडत तीन फेऱ्या मारल्या त्यांनी, कुणाला हात लावू दिला नाही.

उजवा बूट राहिलाय. तळाची शिलाई टाचेपाशी थांबलीय. बाबा म्हणाले, आल्यावर करतो. कोट घालताना त्यांनी आतला खिसा चाचपला आणि मग दिवा मालवला. दुकानातून बाहेर पडताना ते कधी मागे वळून बघत नाहीत, आजही बघितलं नाही.

मला भीती वाटतेय. एवढंच.

ताई


२७ नोव्हेंबर

खिळ्या,

हे पत्र पोस्टात टाकत नाहीये. दुकानाच्या दाराला खिळ्याने ठोकतेय. तुझा मित्र म्हणाला, तुझी गाडी उद्या सकाळी पोचते आणि तू आधी इथेच येशील.

बाबा काल दुपारी गेले. तुझ्या मित्राकडचा नंबर तुझ्या घरचा, तू गाडीत असताना कळवायला काही मार्ग नव्हता, आणि फलाटावर उभं राहून सांगणं माझ्याच्याने होणार नाही. म्हणून असं दारावर. मला क्षमा कर.

ऑपरेशन झालं होतं. शुद्धीवर आले होते. तू निघतोयस हा निरोप तुझ्या मित्राने इस्पितळात आणून दिला, तेव्हा जागे होते. मी कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुठले बूट घालून येतोय?"

मी म्हटलं, "मला काय माहीत, बाबा."

"चावत असणार," म्हणाले. त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत. तू येतोयस हे त्यांना कळलं होतं, एवढं मी खात्रीने सांगते. तू माझं पत्र वाचलंस हेही कळलं होतं. तोंडाने सांगायचं त्यांचं राहून गेलं, पण मी लिहून कळवलं म्हणून रागावले नाहीत.

त्यांना आज इस्पितळातच ठेवलंय. तू आल्यावर आपण दोघं जाऊ. त्यांचा कोट माझ्याकडे आहे, आतल्या खिशातला कागद मी काढलेला नाही.

मी शिंपिणीकडे बसलेय. किल्ली चौकटीवर, नेहमीच्या जागी. आत आधी तू एकटा जा.

टेबलावर तुझा जोड आहे. डावा पुरा झालाय, घालून बघ. उजवा अजून साच्यावर आहे. टाचेकडची शिलाई तुला येते, मला येत नाही. दाभण त्यांनी ओवून ठेवलंय.

शेगडीत लाकडं मी रचून ठेवलीत, पेटवलेली नाही.

खालच्या फळीवर साच्यांचा एकच जोड आहे. तो बाबांचा आहे. मी दोन्ही हातांत घेऊन पाहिलाय, शिंपिणीलाही दाखवलाय, मास्तरांनाही. त्यांनीच तो तिथे ठेवलाय. या वेळी कुणाचीही चूक नाही, खिळ्या. न घाबरता उचल.

ताई